काजू चालत नाही, म्हणून गावही सोडायचे का?

पुण्यात राहणाऱ्या एका आईने पाठवलेल्या पत्राचा हा गोषवारा. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाने गेल्या दिवाळीत काजूकतलीचे दोन तुकडे खाल्ले. थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली आणि खोकला थांबेना. रुग्णालयात इंजेक्शन दिल्यावर तो सावरला. पुढच्या तपासण्यांत काजूची ॲलर्जी निश्चित झाली आणि पिस्त्याची चाचणीही सकारात्मक आली. 'काजू टाळा' एवढी सूचना आणि ॲलर्जीचे सिरप घेऊन ते घरी आले. तेव्हापासून या आईने शेंगदाणे, बदाम, अक्रोड, तीळ आणि खोबरे हे सगळेच घरातून बंद केले आहे. यांपैकी प्रत्येक पदार्थ मुलगा त्याआधी व्यवस्थित खात होता. आता तो वाढदिवसाला गेला तर कशालाही हात लावत नाही. सासर रत्नागिरी जिल्ह्यात असून घरची काजूची बाग आहे. 'काजूने फोड आम्हालाही यायचे, थोडे थोडे देत गेले की सवय होईल,' असे सासूबाई म्हणतात आणि पतीला वाटते की पत्नी अति करते आहे. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जावे की नाही आणि दहा महिन्यांच्या धाकट्या मुलीला असले पदार्थ द्यावेत की नाही, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

तुमचे पत्र वाचताना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की त्या दिवशी काय घडले ते घरात तुमच्याशिवाय कोणालाच पुरते समजलेले नाही. ओठ सुजणे, गांधी उठणे, लागोपाठ उलट्या आणि न थांबणारा खोकला एकाच वेळी आले, म्हणजे त्वचा, पोट आणि श्वसनमार्ग हे तिन्ही एकदम प्रतिक्रिया देत होते. वैद्यकशास्त्रात याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यात जीवाला धोका असतो. तेव्हा तुम्ही घाबरलात हे योग्यच झाले. प्रश्न एवढाच आहे, की त्या भीतीतून जे नियम घरात आले ते मुलाला खरोखर सुरक्षित करतात का. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की त्यांतले बरेचसे करत नाहीत, तर जे करायला हवे होते ते एक मोठे काम अजून राहून गेले आहे.

ते काम औषधाचे. तुमच्याजवळ फक्त सिरप आहे. ॲलर्जीचे सिरप किंवा गोळी खाज आणि गांधी कमी करते, पण घशाची सूज, श्वासनलिकेचे आकुंचन आणि घसरणारा रक्तदाब यांवर ते उपाय नाही. अशा प्रसंगी जीव वाचवणारे औषध एकच, ते म्हणजे ॲड्रेनलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत टोचायचे असते. परदेशात त्यासाठी पेनसारखे तयार इंजेक्टर मिळतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी महाग पडतात. म्हणून आपल्याकडील अनेक डॉक्टर ॲड्रेनलिनची एम्प्यूल, म्हणजे काचेची छोटी बंद कुपी, आणि एक मिलिलिटरची सिरिंज लिहून देतात, मुलाच्या वजनानुसार किती भरायचे ते ठरवून देतात आणि पालकांकडून तशी सुई भरून घेऊन सरावही करवतात. लहान मुलांच्या ॲलर्जीतज्ज्ञांची वेळ घ्या आणि 'ॲड्रेनलिन घरी ठेवण्याबद्दल आणि आणीबाणीत काय करायचे याबद्दल लेखी सूचना हव्यात' असे थेट सांगा. एकावर भागेल असे धरू नका. पहिल्या इंजेक्शननंतर पाच ते पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर दुसरे द्यावे लागू शकते, म्हणून किमान दोन हवीत. हे औषध उजेडाने आणि उन्हाने खराब होते, तेव्हा बंद गाडीच्या डिकीत ते राहता कामा नये, आणि द्रावणाला गुलाबी किंवा तपकिरी छटा आली तर ते बदलायचे.

वेळ आलीच तर क्रमही पाठ असू द्या. आधी इंजेक्शन, मग १०८ ला फोन, मग इतरांना कळवणे. मुलाला आडवे झोपवून पाय थोडे उंच ठेवायचे. श्वास लागत असेल तर बसू द्यायचे. पण त्याला उभे करायचे नाही की 'चल, गाडीत बस' म्हणून चालवत न्यायचे नाही, कारण त्या क्षणी रक्तदाब अचानक कोसळू शकतो. आणि इंजेक्शनने तो हसू-खेळू लागला तरी रुग्णालयात जायचेच, कारण काही तासांनी तीच लक्षणे पुन्हा उसळून येऊ शकतात.

आता तुमच्या बंदीकडे येऊ. तुम्ही असे धरून चालला आहात की जितके जास्त पदार्थ बंद, तितके मूल सुरक्षित. हे गृहीतक फार साहजिक आहे, पण वनस्पतींची नाती 'सुकामेवा' या डब्याप्रमाणे ठरत नाहीत. शेंगदाणा हा कडधान्यांच्या कुळातला, वाटाणा-हरभऱ्याचा भाऊबंद. बदाम गुलाबाच्या कुळातला, अक्रोडाचे कूळ आणखी निराळे, आणि नारळ व तीळ तर यांच्या आसपासही नाहीत. काजूचा खरा सख्खा म्हणजे पिस्ता. दोघांतील प्रथिने इतकी सारखी असतात की काजूची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना पिस्ताही चालत नाही. तुमच्या मुलाची पिस्त्याची चाचणी सकारात्मक आली ती यामुळेच, तेव्हा डॉक्टर वेगळे सांगेपर्यंत पिस्ता बंदच ठेवा. याच कुळात आपल्या स्वयंपाकघरातली आणखी दोन नावे येतात, ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही: श्रीखंड-बासुंदीवर पेरली जाणारी चारोळी आणि डिंकाच्या लाडवात पडणारी गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. शेंगदाणे बंद असलेल्या घरात ही दोन्ही निर्धास्तपणे वापरली जात असतील, तर पहारा चुकीच्या दाराशी उभा आहे. तज्ज्ञांना या दोन्हींबद्दल नावानिशी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत ती देऊ नका. आंबासुद्धा याच कुळातला आहे, पण काजूची ॲलर्जी असलेली बहुतेक मुले आंब्याचा गर आरामात खातात. तुमचा मुलगा आजवर खात आला असेल तर आंबा तोडू नका.

रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण अशी पत्रे लिहिणारे बरेच पालक पन्नास-शंभर पदार्थांची यादी असलेला अहवाल हातात घेऊन बसलेले असतात. चाचणी सकारात्मक येणे याचा अर्थ शरीराने त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत एवढाच; तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच असे त्यातून सिद्ध होत नाही. मूल जो पदार्थ नेहमी खाते आणि काही होत नाही, त्याच्याबाबत ते खाणे हाच सर्वांत बोलका पुरावा असतो. उलट नीट पचणारा पदार्थ विनाकारण दीर्घकाळ बंद ठेवला तर, विशेषतः ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या मुलात, पुढे त्याचीच ॲलर्जी होण्याचा धोका असतो. म्हणून शेंगदाणे, बदाम, अक्रोड, तीळ आणि खोबरे परत सुरू करण्याविषयी डॉक्टरांशी बोला. मध्ये काही महिन्यांचा खंड पडलेला असल्याने कोणता पदार्थ घरी द्यायचा आणि कोणता दवाखान्यात, हे त्यांना ठरवू द्या. सुट्टे बदाम मात्र घेऊ नका. दुकानात काजूच्या बरणीतला चमचा बदामाच्या बरणीत जातोच. सीलबंद पाकिटातले घ्या, अक्रोड कवचासकट आणून घरी फोडा.

बंदी अरुंद केली की तिच्या कडेकडेने नीट बघायला वेळ मिळतो, आणि काजूच्या बाबतीत तशी गरज फार आहे. शेंगदाण्याचा कूट निदान दिसतो किंवा चवीला कळतो. काजू ग्रेव्हीत पेस्ट होऊन नाहीसा होतो. हॉटेलातली पांढरी किंवा शाही ग्रेव्ही, लग्नातला मसालेभात, कोजागरीचा दूधमसाला, चिवडा, आइस्क्रीमवरची पूड, पिस्ता बर्फी म्हणून विकली जाणारी हिरवी काजूबर्फी, या सगळ्यांत तो असू शकतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घ्या. काजू तुपात परतून वर काढतात, त्याच तुपात रवा भाजतात आणि शेवटी काजू वर पेरतात. मग कोणीतरी प्रेमाने वाटीतले काजू वेचून काढून म्हणते, 'आता दे त्याला, एकही ठेवला नाही.' पण तूप तेच आहे, कढई तीच आहे आणि रव्याच्या प्रत्येक कणाला काजूचे प्रथिन लागलेले आहे. भाजल्याने किंवा तळल्याने काजूची ॲलर्जीकारकता जात नाही. मिक्सरच्या भांड्याचेही तसेच. पात्याखालच्या रबरी कड्यात वाटण अडकून राहते, म्हणून घरात काजू वाटला जाणारच असेल तर त्यासाठी भांडे वेगळे ठेवा. हात साबण-पाण्याने धुतले की पुरते. सॅनिटायझरने ही प्रथिने निघून जात नाहीत.

पाकीटबंद खाण्याच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ॲलर्जीकारक घटक पाकिटावर वेगळे नोंदवावे लागतात. पण तिथे बहुधा 'ट्री नट्स' असे सामूहिक नाव असते, तेव्हा घटकांची पूर्ण यादी वाचल्याशिवाय काजू आहे की बदाम ते कळत नाही. ओळखीचे बिस्कीट असले तरी दर खरेदीला पाकीट वाचायचे, कारण घटक बदलतात. मिठाईच्या दुकानातल्या सुट्ट्या मालाबाबत मी सवलत देणार नाही. एकाच परातीत, एकाच सुरीने सगळ्या बर्फ्या कापल्या जातात, आणि काउंटरवरचा माणूस मनापासून 'यात काजू नाही' म्हणाला तरी त्याला ते माहीत असण्याची शक्यता कमी असते. मुलासाठी गोड घरीच करा: रव्याचे लाडू, नारळाची वडी आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की तिळगूळसुद्धा.

सासूबाईंबद्दल तुम्ही जरा कडवटपणे लिहिले आहे, आणि तुमच्या जागी कोणाचेही तसे झाले असते. तरी त्यांच्या बोलण्यात जे खरे आहे ते आधी बघा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी काजू गोव्याच्या किनाऱ्यावर आणला, आणि आज कोकणातल्या कितीतरी घरांचे वर्षाचे गणित त्याच्यावर चालते. ओल्या काजूगराच्या दिवसांत विळीवर हिरव्या बिया चिरून गर काढणाऱ्या बायकांच्या बोटांची साले निघतात, अंगावर चीक उडाला तर तिथे काळा डाग पडून फोड येतो. राख किंवा खोबरेल चोळून त्या पुन्हा विळीवर बसतात. हे सासूबाईंनी जन्मभर पाहिलेले, सोसलेले आहे. फक्त तो त्रास कवचातल्या तेलाचा आहे. ते तेल दाहक असते आणि कोणाच्याही त्वचेला पोळते. त्यांच्या नातवाला त्रास झाला तो आतल्या गरातल्या प्रथिनांनी, त्याच्या रोगप्रतिकारशक्तीने त्यांना शत्रू मानल्यामुळे. दोन आजारांची कारणे निराळी आहेत. एकाची सवय होते म्हणून दुसऱ्याचीही होईल असे नाही. हा फरक त्यांना कोणी समजावून सांगितलेला नसावा. तुम्ही सांगा आणि असे सांगून बघा: 'आई, तुम्हाला यायचे ते फोड तेलाचे होते. याला गर खाल्ल्यावर घसा सुजतो आणि श्वास कोंडतो. गावी असताना त्याच्या खाण्याचे तुम्ही बघाल का? तुमच्या हाताखालून काही सुटत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.' वर्षानुवर्षे ज्या बाईने त्या घरातले स्वयंपाकघर चालवले, तिच्यावर पाळत ठेवण्यापेक्षा तिला राखणदार करणे कितीतरी अधिक खात्रीचे आहे. शक्य असेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांना आणि पतीला सोबत घेऊन जा. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत घरोघरी फरक पडतो, आणि तो मान्य करून त्याचा उपयोग करून घेण्यात कमीपणा नाही.

'थोडे थोडे देऊन सवय' याला एक शास्त्रीय आधार आहे, म्हणूनच तो सल्ला अधिक धोकादायक ठरतो. ठरावीक मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अत्यंत सूक्ष्म मात्रेपासून, मोजून, टप्प्याटप्प्याने तो पदार्थ देण्याचे उपचार जगात केले जातात, आणि तिथेही मधूनच तीव्र प्रतिक्रिया येतात. घरी चिमटीने कण भरवणे हा तो उपचार नाही. याबाबत घरात कोणाशीही तडजोड करू नका.

पतीला मात्र 'तू अति करतेस' या वाक्याबद्दल पूर्ण दोषी धरू नका. खोबरे-तिळाच्या बंदीबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ती बंदी तुम्ही मागे घेतलीत की काजूबद्दलचा तुमचा शब्द त्यांनाही अधिक वजनदार वाटेल. आणि सुई भरण्याचा सराव त्यांनीही करायचा, हे त्याच वेळी ठरवून घ्या. ॲड्रेनलिन देता येणारे माणूस घरात एकच असणे मला पटत नाही.

तर गावी जावे का? जावे, असे माझे मत आहे, पण तयारीनिशी. निघण्यापूर्वी गावापासून जवळचे, रात्री उघडे असणारे, ॲड्रेनलिन आणि प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय कोणते आणि वाडीतून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे फोन करून विचारून घ्या; प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि शेजारच्या गाडीवाल्याचा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. अंतर फार असेल तर इंजेक्शने किती न्यायची ते डॉक्टरांना विचारा. ॲड्रेनलिन हाती येईपर्यंत आणि ते देता येईपर्यंत मात्र निघू नका. मे महिना त्यासाठी पुढे गेला तरी चालेल. गावी काजूची सगळी कामे एका पडवीत किंवा मागच्या अंगणात ठेवण्याची विनंती करा. मुले मिळून बिया भाजतात तेव्हा त्याला त्या आगीपासून दूर ठेवा. कवचातले तेल पेट घेऊन उडते, धूर घशाला झोंबतो आणि फोडलेल्या गराचे तुकडे एकमेकांच्या हातावर ठेवले जातात. त्या वेळी त्याला वेगळे बसवण्याऐवजी सगळ्याच भावंडांना आंबे उतरवायला किंवा पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, घेऊन जाईल असा एखादा काका गाठा. बोंडूबद्दल, म्हणजे काजूच्या रसाळ फळाबद्दल, तज्ज्ञांना विचारून घ्या. फळ बीपेक्षा वेगळे असले तरी बी पिळवटून काढताना चीक आणि तेल त्याला लागते, तेव्हा यंदा ते टाळलेले बरे.

मुलगा सहा वर्षांचा आहे, म्हणजे तो शिकण्याच्या वयात आहे. आज त्याला एवढेच माहीत आहे की खाणे धोक्याचे असते. त्याला नेमके शिकवा. अख्खा काजू, तुकडा काजू, पिस्ता, चारोळी ताटलीत ठेवून दाखवण्याऐवजी चित्रांवरून किंवा बंद पाकिटातून ओळखायला लावा. 'मला काजू चालत नाही, आईला विचारून खातो' हे वाक्य तो न लाजता म्हणू लागला पाहिजे. घशात कसेतरी होतेय, पोटात दुखतेय, ओठ चुणचुणतायत, हे लगेच मोठ्या माणसाला सांगायचे आणि त्यासाठी कोणी रागावणार नाही, हेही त्याला पक्के ठाऊक हवे. शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी सूचनांची प्रत द्या आणि तिच्या कपाटात त्याच्या आवडीचा खाऊ भरलेला डबा ठेवा, म्हणजे कोणाच्या वाढदिवसाला मिठाई वाटली गेली तर त्याच्याही हातात त्याच क्षणी काहीतरी पडेल. सगळ्या वर्गाला काजूबंदी करायला लावण्याचा आग्रह मी धरणार नाही. मुलांनी डबे बदलून खायचे नाहीत आणि खाण्याआधी-नंतर हात धुवायचे, हे दोन नियम पाळले गेले तरी पुष्कळ साधते.

धाकटीच्या बाबतीत तुमची काळजी समजते, पण उशीर करणे हा उपाय नाही. २०१५ साली लंडनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, ६४० बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि निम्म्यांना पूर्ण टाळायला लावले. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, तर खाणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के मुलांना. तेव्हा तिला बारीक कूट करून, पेजेत किंवा भाकरीच्या कुस्करात घालून शेंगदाणा आणि नंतर बदाम द्यायला सुरुवात करण्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोला. तिला तीव्र इसब असेल तर आधी त्यांना दाखवाच. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. काजूचे मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. तिच्यासाठी तो कधी व कुठे द्यायचा आणि भावाच्या घरात तो कसा हाताळायचा, हे एकत्रित ठरवावे लागेल.

काजूसारख्या फळांची ॲलर्जी साधारण दहातल्या एखाद्याच मुलात वाढत्या वयात नाहीशी होते, म्हणून ती आपोआप जाईल या आशेवर घरात प्रयोग करायचे नाहीत. पण ती कायमचीच आहे असेही आज कोणी लिहून देऊ शकत नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी तज्ज्ञांकडे फेरतपासणी करा. काजू पुन्हा खाऊन बघण्याची वेळ आलीच तर ती चाचणी रुग्णालयातच, त्यांच्या नजरेखाली होईल. आणि प्रत्येक भेटीत मुलाचे वजन करून ॲड्रेनलिनची मात्रा नव्याने लिहून घ्या, एम्प्यूलवरची मुदत तपासा. वाढत्या वयात मागच्या वर्षीची मात्रा या वर्षी पुरेलच असे नाही.